काळा पाषाण ओळखावा कसा?



नवी मुंबईच्या बऱ्याच भागांतून पूर्वेकडे पाहिलें असतां पारसिकच्या डोंगराची रांग दृष्टीस पडते. मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत गेलेल्या या रांगेच्या अंगाखांद्यावर गेल्या अर्धशतकांत अनेक खाणी खोदल्या गेल्या. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या या बाजूस नवें नगर वसूं लागलें. त्या नगराच्या रस्त्यांना खडी हवी होती, घरांना जोतीं हवीं होतीं, खाजणांत टाकावयास भर हवी होती. हें सारें बहुतांशीं आसपासच्या डोंगरांनींच पुरविलें. आम्ही नवी मुंबईकर ज्या दगडावर चालतों, ज्या दगडावर राहतों, त्या दगडाची ओळख मनुष्यास कशी पटत गेली, याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रथम माझी एक चूक सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी प्राथमिक शाळेंत चौथीचा वर्ग शिकवीत होतों. खाणीवर काम करणाऱ्या एका पाथरवटाचा मुलगा माझ्या वर्गांत होता. एके दिवशीं त्यानें दोन दगड आणून माझ्या टेबलावर ठेवले. दोन्ही काळे. त्यानें विचारलें, "गुरुजी, हे दोन्ही एकच का?" मीं पुस्तकांतलें उत्तर दिलें, "होय बाळ, दोन्ही बसाल्टच. दख्खनचा सारा खडक एकाच जातीचा." मुलगा चांचरत म्हणाला, "पण गुरुजी, बा म्हणतो, हे येगळे हायेत. हातोडा मारला कीं यांचा आवाज येगळा येतो." वर्ग हसला. मीही हसलों. मुलानें दगड उचलले आणि तो जागेवर जाऊन बसला.

त्या मुलाचा प्रश्न योग्य होता व माझें उत्तर अपुरें होतें, हें मला फार उशिरां समजलें. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां कळलें कीं, जो प्रश्न चौथींतल्या मुलानें मला विचारला, त्याच प्रश्नाशीं मोठमोठे भूशास्त्रज्ञ जवळजवळ दोनशें वर्षें झुंजत आले आहेत. आजचें हें भाषण म्हणजे त्या दिवशींच्या माझ्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

आपल्या लोकांना दगडाची पारख नव्हती असें नव्हे. विहीर खणणारा मनुष्य मुरूम, गेरू, मांजऱ्या आणि काळा पाषाण हे थर अचूक सांगतो. कारण पाणी कोणत्या थरांत लागेल हें त्यावर अवलंबून असतें. समोर खाडींत घारापुरीचें बेट आहे. तेथील लेणीं ज्यांनीं कोरलीं, त्यांनीं हजार-दीड हजार वर्षांपूर्वीं कोणता खडक टांकीला वश होईल आणि कोणता तडकेल, हें जाणूनच डोंगर निवडला असला पाहिजे. परंतु हें ज्ञान हाताचें होतें. बापाकडून मुलाकडे तें जात असे. कागदावर तें उतरलें नाहीं.

कागदावरचा इतिहास सुरू होतो तो १८३० च्या सुमारास. कर्नल साइक्स नांवाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानें दख्खनभर हिंडून येथील खडकांचें वर्णन लिहिलें व तें लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढें मांडलें. पुढें १८५१ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातें स्थापन झालें आणि त्या खात्याच्या ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानें १८६७ सालीं पश्चिम व मध्य हिंदुस्थानांतील या खडकांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. या विद्वानांनीं आपल्या खडकाला 'ट्रॅप' म्हटलें. हा शब्द स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या नांवावरून आला आहे. सह्याद्रीचे कडे ज्यानें दुरून पाहिले आहेत, त्याला या नांवाचा अर्थ सांगावयास नको. थरावर थर, पायरीवर पायरी, असाच तो देखावा आहे.

प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक लोट होय. अदमासें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला; कांहीं काळानें त्यावर दुसरा आला, मग तिसरा. आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनीं झांकलेला आहे. १६४६ मीटर उंचीचें आपलें कळसूबाईचें शिखर याच थरांचें बनलें आहे.

येथपर्यंत सर्व ठीक. अडचण पुढें आली. हे सारे थर डोळ्यांस जवळजवळ सारखेच दिसतात. एखाद्या ग्रंथाचीं शेंकडों पानें असावींत, परंतु कोणत्याही पानावर आंकडा नसावा, तशी ही स्थिति. माथेरानच्या कड्यांतला एक थर आणि पन्नास मैलांवरचा दुसरा थर एकाच लोटाचे आहेत कीं निरनिराळ्या, हें नुसत्या नजरेनें कोण सांगणार? सूक्ष्मदर्शकाखालीं पातळ चकती ठेवून स्फटिक पाहण्याची रीति आली, तिचा पुष्कळ उपयोग झाला. तरी कोडें पुरतें सुटलें नाहीं.

याचें कारण असें कीं, ज्वालामुखी खडकाची जाति त्याच्या रंगावर ठरत नाहीं, तर त्याच्या रसायनावर ठरते. मुख्य पदार्थ सिलिका, म्हणजे वाळूचें द्रव्य. तें शेंकडा ४५ ते ५२ असेल तर खडक साधारणतः बसाल्ट. तें वाढत गेलें आणि त्याबरोबर सोडियम व पोटॅशियम यांचें प्रमाण वाढलें, कीं ट्रॅकाइट. सिलिका आणखी वाढली, कीं रायोलाइट. सिलिका एका बाजूस व सोडियम-पोटॅशियमची बेरीज दुसऱ्या बाजूस मांडून खडकाचें नांव ठरविण्याचा कोष्टक-नकाशा १९८६ सालीं प्रसिद्ध झाला आणि आतां तो जगभर मान्य आहे. याचें उदाहरण पाहावयास दूर जावें लागत नाहीं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीस कुर्ल्याचा बसाल्ट आहे आणि मालाडचा पिवळसर दगडही आहे. हा मालाडचा दगड ट्रॅकाइट जातीचा. तोही ज्वालामुखीचाच पुत्र, पण स्वभाव वेगळा.

मालाडचा दगड निदान रंगानें तरी वेगळा दिसतो. सह्याद्रीच्या काळ्या थरांचें तसें नाहीं. त्यांचा उलगडा १९८० नंतरच्या दशकांत झाला. देशी व परदेशी भूशास्त्रज्ञांनीं घाटाघाटांतून खालून वर चढत प्रत्येक थराचा तुकडा घेतला आणि प्रयोगशाळेंत त्यांतील टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम इत्यादि द्रव्यें मोजलीं. पवईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक सुब्बाराव यांचा या कार्यांत मोठा वांटा होता. या मोजणीवरून थरांचे गट पडले आणि त्या गटांना नांवें मिळालीं तीं आपल्या गांवांचीं. खालून वर जातांना तीं अशीं: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एखाद्या जुन्या रेल्वेचें वेळापत्रक वाचावें तशी ही यादी वाटते; पण आज जगांतील कोणताही भूशास्त्रज्ञ दख्खनविषयीं लिहूं लागला कीं त्याला हींच नांवें उच्चारावीं लागतात. त्यांतही विशेष असा कीं, बुशे गटाचा रस वर येतांना भूकवचांतील जुन्या खडकांचा अंश बराच घेऊन आला. आंबेनळी गटाचा रस त्या मानानें शुद्ध राहिला. पाहणाराला दोन्ही काळे पाषाणच. भेद आहे तो मोजणाऱ्याला दिसणारा.

मात्र ही मोजणी म्हणजे सोपें काम नव्हे. तुकडा फोडावयाचा, पिशवींत घालून क्रमांक द्यावयाचा, प्रयोगशाळेंत नेऊन त्याची पूड करावयाची, कधीं ती आम्लांत विरघळवावयाची, मग यंत्रावर पाहावयाची. उत्तर हातीं येईपर्यंत आठवडे, कधीं महिने जातात. तोंवर शास्त्रज्ञ डोंगर सोडून घरीं आलेला असतो. आणखी एक तुकडा पलीकडून घ्यावयास हवा होता, हें त्याला घरीं बसून कळतें.

हें उत्तर डोंगरावरच मिळालें तर? या प्रश्नाचें उत्तर प्रकाशानें दिलें. त्यासाठीं आपणांस थोडें मागें जावें लागेल. १८५९-६० च्या सुमारास जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बुन्सेन व किर्खोफ या दोन मित्रांनीं दाखवून दिलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झालें म्हणजे ठराविक रंगाच्या रेषांचा प्रकाश देतें. मिठाची चिमूट ज्योतींत टाकली कीं ज्योत पिवळी होते, हें आपण घरींही पाहूं शकतों. तो पिवळा रंग सोडियमचा. लोलकांतून तो प्रकाश पाहिला कीं त्याची नेमकी रेषा दिसते. या रेषांच्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. अशी आख्यायिका सांगतात कीं, शेजारच्या मानहाइम शहरास आग लागली असतां या दोघांनीं आपल्या खिडकींतून त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यांत बेरियम व स्ट्रॉन्शियम ओळखलें. आपल्या सह्याद्रीचे थर ज्यांनीं वेगळे पडले, तींच हीं दोन द्रव्यें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

वर्णपटाची विद्या महाराष्ट्रांत लवकर आली, पण ती आकाशाकडे पाहण्यासाठीं आली. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण लागलें. तें पाहण्यासाठीं इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर कोंकणांत विजयदुर्गास येऊन राहिले होते. त्याच वेळीं पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें आपलीं यंत्रें मांडून ग्रहण पाहिलें व त्यावर अहवाल लिहिला. कोट्यवधि मैलांवरील सूर्यांत कोणतीं द्रव्यें आहेत, याचा विचार जेऊरच्या माळावर त्या दिवशीं चालला होता. त्या माळाखालच्या दगडाची अशी तपासणी व्हावयास अजून फार काळ लागावयाचा होता.

आणखी दोन पायऱ्या राहिल्या. पहिली आपल्या देशांतली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांना आढळलें कीं, पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला असतां परत फांकणाऱ्या प्रकाशांत कांहीं किरण रंग बदलून येतात आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंची रचना सांगतो. या शोधास १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरी पायरी अमेरिकेंतली. १६ मे १९६० रोजीं थिओडोर मायमन यांनीं माणकाच्या कांडींतून लेसरचा पहिला किरण काढला. लेसर म्हणजे शिस्तीनें चालणारा प्रकाश. त्याचा रंग एक, दिशा एक, आणि तो भिंगानें सुईच्या टोंकाएवढ्या जागीं एकवटतां येतो. अवघ्या दोन वर्षांत, १९६२ सालीं, लेसरनें पदार्थाची वाफ करून त्याचा वर्णपट घेण्याचा प्रयोग प्रसिद्धही झाला.

यांतूनच आजचें हातांत धरावयाचें यंत्र जन्मास आलें. त्याचें काम असें चालतें. यंत्राचें तोंड दगडास लावून कळ दाबली कीं, सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागापुरता लेसरचा झोत सुटतो. मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेवर तो पडतो. तेथील द्रव्याची क्षणांत वाफ होऊन दहा हजार अंशांहून अधिक उष्णतेची ठिणगी उडते. ती निवतां निवतां प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रेषांचा प्रकाश सोडतें. यंत्र त्या रेषा मोजतें, माहीत असलेल्या दगडांच्या रेषांशीं ताडून पाहतें आणि कोणतें द्रव्य किती तें सांगतें. दगडाची पूड नको, आम्ल नको. क्ष-किरणांवर चालणारीं हातयंत्रें याआधीं निघालीं होतीं. परंतु सोडियमसारखीं हलकीं द्रव्यें त्यांना नीट सांपडत नाहींत, आणि सोडियमवांचून तर आपल्या कोष्टकांत खडकाचें नांव ठरत नाहीं. लेसरच्या ठिणगीला सोडियम सहज दिसतो. रामन यांच्या तत्त्वावर चालणारीं हातयंत्रेंही आज आहेत. त्यांत लेसरच असतो, पण ठिणगी उडत नाहीं. ठिणगीचें यंत्र दगडांत कोणतीं मूलद्रव्यें आहेत तें सांगतें, रामनचें यंत्र त्यांचीं कोणतीं खनिजें झालीं आहेत तें सांगतें. दोघांची साक्ष जुळली म्हणजे निकाल पक्का.

नवल असें कीं, या यंत्रानें मोठें नांव मिळविलें तें पृथ्वीवर नव्हे. १९ ऑगस्ट २०१२ रोजीं मंगळावर उतरलेल्या अमेरिकन गाडीनें मुठीएवढ्या एका दगडावर दहा सेकंदांत तीस वेळां लेसर सोडला. दगड निघाला बसाल्ट जातीचा. म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा दूरचा भाऊबंद. पुढें २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत उतरलें. त्याच्या 'प्रज्ञान' गाडीवर याच तत्त्वावर चालणारें, बंगळुरास तयार झालेलें यंत्र होतें. त्यानें तेथील मातींत गंधक असल्याची साक्ष जागेवरच दिली. चंद्रावर शास्त्रज्ञ जाऊं शकत नव्हता, म्हणून यंत्र गेलें, हें खरें. पण जें चंद्रावर घडलें, तें बेलापूरच्या टेकडीवर कां घडूं नये?

येथें एक सावधगिरीची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. यंत्र हातीं आलें म्हणजे विद्या हातीं आली, असें कोणीं समजूं नये. आपल्याकडील पावसानें दगडाचें वरचें कातडें कुजतें. त्या कातड्यावर ठिणगी पाडली तर उत्तर कातड्याचें येतें, दगडाचें नव्हे. म्हणून आधीं हातोड्यानें ताजा पृष्ठभाग उघडावा लागतो. बसाल्टमध्यें पुष्कळदां पांढरट स्फटिक विखुरलेले असतात. इवल्याशा जागेवरचा झोत नेमका त्या स्फटिकावर पडला, तर सबंध खडकाविषयीं भलताच निष्कर्ष निघेल. म्हणून एकाच दगडावर अनेक ठिकाणीं मोजून सरासरी घ्यावी लागते. शिवाय यंत्राला ज्या दगडांवर शिकविलें असेल, तशाच दगडांत त्याची बुद्धि नीट चालते. दख्खनच्या खडकासाठीं त्याला दख्खनचाच खडक दाखवून तयार करावें लागतें. आणि खडकाचें वय तर हें यंत्र सांगतच नाहीं; त्यासाठीं तुकडा प्रयोगशाळेंतच न्यावा लागतो. तात्पर्य, हातोडा, डोळा आणि वही यांना या यंत्रानें रजा दिलेली नाहीं. त्यानें त्यांना एक सोबती दिला आहे.

असें असतांही या यंत्राची गरज आमच्या नवी मुंबईस विशेष आहे, आणि तिचीं कारणें दोन.

पहिलें शास्त्राचें. भूशास्त्रांत पनवेलच्या नांवानें ओळखली जाणारी एक प्रचंड घडी आपल्या भागांतून जाते. घाटमाथ्यावर जे थर आडवे पसरले आहेत, ते येथें वांकून समुद्राकडे कलले आहेत. अर्थात् घाटांत उंचीवरून थर ओळखण्याची जी युक्ति चालते, ती येथें चालत नाहीं. माथेरानच्या कड्यांत उंचावर असलेला थर इकडे समुद्रसपाटीला आलेला असूं शकेल. शिवाय कोंकणच्या या पट्ट्यांत थरांना छेदून गेलेल्या उभ्या दगडी भिंतीही पुष्कळ आहेत. जमिनीच्या भेगांत थिजून राहिलेला तो रस होय. कोणता थर कोणता आणि कोणती भिंत कोणत्या रसाची, हें सांगावयास येथें रसायनाखेरीज खात्रीचा साक्षीदार नाहीं.

दुसरें कारण काळाचें. १९१६ सालीं रेल्वेसाठीं पारसिकचा बोगदा खुला झाला, तेव्हां डोंगराच्या पोटांतून एक वाट गेली. डोंगर मात्र जागेवर राहिला. आतां तसें राहिलेलें नाहीं. ज्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, त्याच्यासाठीं उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यांत आली आणि तिच्याच दगडानें भोंवतालची सखल जमीन भरून काढण्यांत आली. विमानतळ नको होता, असें माझें म्हणणें नाहीं. नगर वसावयाचें तर दगड फुटणारच. माझें स्वतःचें घरही त्याच दगडावर उभें आहे. म्हणणें इतकेंच कीं, साडेसहा कोटि वर्षें जो ग्रंथ उभा होता, त्याचीं पानें फाडण्यापूर्वीं तीं वाचून घ्यावींत. सुरुंगाने रोज नवा, ताजा, न कुजलेला पृष्ठभाग उघडा होतो. भूशास्त्रज्ञाला याहून चांगली संधि कोठें मिळणार? परंतु ती संधि एका दिवसाची असते. दुसऱ्या दिवशीं त्या जागीं दुसरा सुरुंग लागतो. महिन्यांनीं उत्तर देणारी प्रयोगशाळा तेथें कामास येत नाहीं. जागेवर उत्तर देणारें यंत्र येतें. दोन माणसें, एक यंत्र, एक वही आणि प्रत्येक थराचा एक तुकडा ठेवावयास एक कपाट, एवढें जरी कोणत्याही मोठ्या खोदकामाबरोबर असलें, तरी पुढच्या पिढीला आपल्या पायाखालची भूमि वाचतां येईल.

शेवटीं पुन्हां त्या मुलाकडे येतों. ते दोन दगड कोणते होते? कदाचित् एक थराचा असेल आणि दुसरा भेगेंत थिजलेल्या भिंतीचा. कदाचित् दोन निरनिराळ्या थरांचे असतील. आज तें कोणींच सांगूं शकणार नाहीं. कारण मीं ते ठेवून घेतले नाहींत, कोठून आणले तेंही विचारलें नाहीं, आणि ज्या खाणींतून ते आले तो कडाही आतां उरलेला नाहीं. त्याच्या बापानें हातोड्याच्या आवाजावरून जो भेद ओळखला, तो ऐकण्याची बुद्धि मला त्या दिवशीं झाली नाहीं.

आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां एखादा दगड खिशांतून आणील, तेव्हां "सगळे दगड सारखेच" असें त्याला सांगूं नका. कोठें सांपडला तें विचारा, तारीख आणि जागा एका चिठ्ठीवर लिहून तो दगड डबींत ठेवून द्या. त्याचें नांव आज आपणांस सांगतां आलें नाहीं तरी चालेल. दगड आणि चिठ्ठी जपून ठेवली, तर नांव सांगणारें यंत्र आतां दूर नाहीं.